वारंवार खाज, वारंवार गोळी : योनिमार्गातील बुरशीचे निदान आधी, औषध नंतर

अडतीस वर्षांच्या एका भगिनीचा प्रश्न आहे. गेल्या दहा महिन्यांत पाच वेळा, बहुधा पाळी येण्याच्या आठवडाभर आधी, त्यांच्या योनिमार्गाच्या तोंडाशी तीव्र खाज सुटते, अंगावरून पांढरे जाते आणि लघवी करताना चरचरते. दरवेळी त्या मेडिकलमधून फ्लुकोनाझोल या बुरशीनाशकाची एक गोळी आणतात, सोबत मिळेल ते मलम लावतात, चार दिवसांत बरे वाटते आणि महिना-दोन महिन्यांत पुन्हा तेच सुरू होते. सासूबाई म्हणतात, उष्णता वाढली आहे. मैत्रीण म्हणते, नवऱ्यालाही औषध दे. त्यांना स्वतःला भीती वाटते ती ही कर्करोगाची सुरुवात तर नसेल ना, याची.

शेवटच्या भीतीचे उत्तर आधी देतो. बुरशीच्या संसर्गातून कर्करोग होत नाही. नवऱ्याच्या औषधाविषयी पुढे लिहितो. पण ‘हे पुन्हा पुन्हा का होते’ या मुख्य प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे की ते आज कोणालाच सांगता येणार नाही, कारण पाच वेळा औषध घेतले गेले तरी एकदाही कोणी तपासून पाहिलेले नाही. पाचही वेळा बुरशीच होती, हे आपण केवळ गृहीत धरले आहे.

ज्या बुरशीविषयी आपण बोलतो आहोत तिचे नाव कँडिडा. तिच्या अनेक जाती असल्या तरी योनिमार्गाच्या संसर्गात बहुतेक वेळा कँडिडा अल्बिकन्स ही एकच जात सापडते. ती बाहेरून आलेली शत्रू नव्हे. आतड्यात ती असतेच, आणि कोणताही त्रास नसलेल्या शंभर स्त्रियांपैकी दहा ते वीस जणींच्या योनिमार्गातही ती निमूटपणे राहत असते. पाळीच्या वयात इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे योनिमार्गाच्या अस्तरात ग्लायकोजेन साठते, लॅक्टोबॅसिलस जातीचे उपकारक जिवाणू त्याच्या जोरावर वाढतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करून तिथले वातावरण आंबट ठेवतात. हे आम्ल इतर अनेक जंतूंना रोखते, पण कँडिडा त्यात आरामात जगू शकते. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर पुढचे बरेच काही आपोआप उलगडते : बुरशीच्या संसर्गात योनिमार्गाची आम्लता का बदलत नाही, आणि आत दही लावून फायदा का होत नाही, हेही.

हा समतोल बिघडवणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत. घसा किंवा लघवीच्या संसर्गासाठी घेतलेले अँटिबायोटिक, गरोदरपण, अनियंत्रित मधुमेह, दमा किंवा संधिवातासाठी चालू असलेले स्टिरॉइड आणि रोगप्रतिकारशक्ती कमी करणारे आजार या त्यांतल्या प्रमुख होत. पाळीच्या आधीच्या दिवसांत त्रास उसळणे हेही बुरशीच्या स्वभावाला धरून आहे. त्यामुळे तुमची शंका चुकीची आहे असे मी म्हणत नाही, ती सिद्ध झालेली नाही एवढेच म्हणतो. चारपैकी तीन स्त्रियांना आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो, तेव्हा त्यात लाजण्यासारखे किंवा अस्वच्छतेचा ठपका लावण्यासारखे काही नाही.

पाळी सुरू होण्याआधी आणि ती कायमची गेल्यानंतर मात्र हा संसर्ग बराच कमी आढळतो. सहा-सात वर्षांची मुलगी रात्री खाजवत उठत असेल तर आधी जंतांचा विचार करावा. साठीच्या बाईला मधुमेह नसताना खाज येत असेल तर इस्ट्रोजेन कमी झाल्यामुळे आलेला कोरडेपणा, किंवा त्वचा पांढरट व पातळ करणारा लायकेन स्क्लेरोसस हा आजार, यांची शक्यता अधिक असते. पाळी गेल्यानंतर रक्तमिश्रित किंवा दुर्गंधीयुक्त स्राव जात असेल तर मलमाचा विचारही न करता तपासणी करून घ्यावी. कर्करोगाची भीती बाळगायची ती इथे.

आता लक्षणांकडे येऊ. बुरशीचे पहिले आणि ठळक लक्षण म्हणजे खाज. बाहेरची जागा लाल होते, सुजते, कधी सुरीने रेघ ओढावी तशा बारीक भेगा पडतात आणि लघवी त्या भेगांवरून गेली की चरचरते. मूत्राशयाच्या संसर्गात जळजळ आतून होते आणि लघवीला सारखे जावे लागते, हा फरक विचारल्यावर बहुतेक जणी अचूक सांगतात. स्राव ‘दह्याच्या चोथ्यासारखा’ असतो असे पुस्तकात लिहिलेले असते. प्रत्यक्षात तो अनेकदा पातळ किंवा अगदी जेमतेम असतो. त्याला वास मात्र नसतो. ‘पांढरे जाते आणि वास येतो’ असे कोणी म्हणाले की माझे मन बुरशीवरून दुसरीकडे वळते.

शिवाय पांढरे जाणे म्हणजे दरवेळी आजार नव्हे. पाळीच्या मधल्या दिवसांत अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा, तार धरणारा स्राव जातो आणि तो बीज सुटल्याची खूण आहे. पाळी जवळ आली की तो दाटसर होतो व कपड्यावर पिवळसर डाग पडतो. ‘अंगावरून जाते म्हणून हाडे झिजली, कंबर धरली’ अशी तक्रार घेऊन बायका आजही येतात. या स्रावातून हाडांतले काहीही वाहून जात नाही. कंबर दुखते त्याची कारणे बहुधा लोहाची किंवा ड जीवनसत्त्वाची कमतरता आणि दिवसभराचे वाकून काम यांत सापडतात.

खरी अडचण ही की खाज आणि स्राव या दोन लक्षणांवरून तीन-चार निराळे आजार ओळखता येत नाहीत. स्त्रीला येत नाहीत, तसे डॉक्टरलाही येत नाहीत. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आपल्याला बुरशीच झाली आहे असे समजून दुकानातून स्वतःहून औषध घेणाऱ्या ९५ स्त्रियांची तपासणी केली गेली, तेव्हा जेमतेम एक तृतीयांश स्त्रियांना निव्वळ बुरशीचा संसर्ग असल्याचे आढळले. बाकीच्यांमध्ये जिवाणूंचा समतोल बिघडल्यामुळे होणारा बॅक्टेरियल व्हजायनोसिस होता, कुठे मिश्र संसर्ग होता, तर काही जणींना कोणताच संसर्ग नव्हता.

म्हणून तपासणी. ती नेमकी कशी होते हे माहीत नसल्याने अनेक जणी टाळतात. माझ्या टेबलावर या कामासाठी चारच वस्तू असतात : आम्लता मोजणारी पीएच पट्टी, काचपट्ट्या, सलाइनची बाटली आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या दहा टक्के द्रावणाची छोटी कुपी. आधी बाहेरची त्वचा चांगल्या उजेडात पाहायची. मग स्पेक्युलम हे योनिमार्ग उघडून धरणारे साधन घालून योनिमार्ग आणि गर्भाशयाचे मुख पाहायचे आणि बाजूच्या भिंतीवरचा स्राव कापसाच्या काडीवर घ्यायचा. काडी पट्टीला टेकवली की रंग काही सेकंदांत कळतो. पीएच साडेचारच्या आत असेल तर बुरशी संभवते. त्याहून जास्त असेल तर व्हजायनोसिस किंवा ट्रायकोमोनास (शरीरसंबंधातून पसरणारा एकपेशी परजीवी) यांचा विचार पुढे येतो. काडी गर्भाशयाच्या मुखाला लागली, रक्त असले किंवा आदल्या रात्री संबंध आला असला तर पट्टी फसवते, हेही ध्यानात ठेवावे लागते.

मग एका काचपट्टीवर सलाइनचा थेंब आणि दुसरीवर त्या द्रावणाचा थेंब घेऊन त्यांत स्राव मिसळायचा. द्रावणाचा थेंब पडताच सुक्या बोंबलाच्या डब्याचे झाकण उघडल्यासारखा वास आला तर तो व्हजायनोसिसचा पुरावा. वास नसेल तर काच सूक्ष्मदर्शकाखाली घ्यायची. द्रावणात पेशी विरघळून जातात आणि बुरशी तेवढी मागे उरते. फड्या निवडुंगाच्या एका पानाला दुसरे पान फुटावे तशा एकमेकींना जोडलेल्या, सांध्यापाशी चिमटल्यासारख्या लांबट तारा आणि त्यांच्या कडेने अंकुरणारे गोल ठिपके दिसले की निदान पक्के. सलाइनच्या काचेवर झटके देत पळणारा ट्रायकोमोनास दिसतो. मात्र काच गार पडली की तो थिजतो आणि निसटून जातो, म्हणून हा नमुना ताबडतोब पाहावा लागतो. या सगळ्याला दहा मिनिटे पुरतात. दुखत नाही असे मी म्हणणार नाही, कारण भेगा असताना स्पेक्युलमने त्रास होतो. अशा वेळी छोट्या आकाराचे वापरतात, किंवा नुसत्या काडीने नमुना घेतला तरी भागते.

या तपासणीलाही मर्यादा आहे. बुरशी असूनही सूक्ष्मदर्शकाखाली ती जवळजवळ निम्म्या वेळा दिसत नाही. त्यामुळे लक्षणे जुळत असून काच कोरी निघाली, किंवा त्रास तुमच्यासारखा पुन्हा पुन्हा येत असला, तर स्राव कल्चरला, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहायला, पाठवावा. दोन-तीन दिवसांत बुरशी वाढते आणि तिची जात कळते. अहवालात नुसते ‘कँडिडा आढळली’ असे असेल तर ते अपुरे आहे. प्रयोगशाळेकडे जातीचे नाव आणि शक्य असल्यास कोणते औषध लागू पडते याची चाचणी मागावी. कँडिडा ग्लॅब्रॅटा या जातीचे शास्त्रीय नाव आता नाकासिओमायसिस ग्लॅब्रॅटस असे बदलले आहे, तेव्हा अहवालात ते अवघड नाव दिसले तर नवा रोग झाला असे समजून घाबरू नये. उलट बाजूही सांगतो : काहीच त्रास नसताना कल्चरमध्ये कँडिडा निघाली तर तिच्यावर उपचार करायचा नसतो.

सरकारी रुग्णालयांतल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे लैंगिक व प्रजननमार्गाच्या संसर्गांसाठीच्या दवाखान्यात, पांढऱ्या पाण्याच्या तक्रारीसाठी हिरव्या रंगाचे दोन क्रमांकाचे किट मोफत देतात. त्यात व्हजायनोसिस व ट्रायकोमोनास यांवरचे सेक्निडाझोल आणि बुरशीवरचे फ्लुकोनाझोल असते. जिथे सूक्ष्मदर्शक नाही तिथे एका भेटीत शक्य ते तीन आजार झाकावेत, असा त्यामागचा विचार आहे आणि तो चुकीचा नाही. परंतु त्याच धर्तीची, त्यात आणखी एक अँटिबायोटिक घातलेली किट दुकानातून चौथ्या-पाचव्यांदा घेणे ही निराळी गोष्ट झाली. त्यातले अँटिबायोटिक उपकारक जिवाणू मारते आणि पुढच्या बुरशीला वाट करून देते.

त्याहूनही जास्त नुकसान मी मलमांमुळे झालेले पाहिले आहे. ‘खाजेचे मलम’ म्हणून जी ट्यूब हातात पडते तिच्यात बुरशीनाशकाबरोबर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन हे तीव्र स्टिरॉइड असते. खाज त्याच रात्री थांबते, म्हणून तीच ट्यूब पुन्हा आणली जाते. एक शिक्षिका सात महिने असे मलम लावून माझ्याकडे आल्या होत्या. त्वचा कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ आणि चकचकीत झाली होती, खालच्या रक्तवाहिन्या दिसत होत्या. पीएच ठीक, काच कोरी, कल्चरही कोरे. बरीच चौकशी केल्यावर कळले की त्या रोज पँटी लायनर वापरत होत्या आणि दिवसातून दोनदा सुगंधी वॉशने धूत होत्या. त्यांना बुरशी नव्हतीच, त्वचेला त्या वस्तूंचे वावडे होते. दोन्ही वस्तू बंद केल्या, स्टिरॉइड हळूहळू कमी केले, साधे व्हॅसलीन लावायला सांगितले. ठीक व्हायला तीन महिने लागले.

बुरशी सिद्ध झाली की उपचार सोपा आहे. वर्षातून एखाद्या वेळी होणाऱ्या साध्या संसर्गाला फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅमची एक गोळी तोंडाने, किंवा क्लोट्रिमाझोलची योनिमार्गात ठेवायची गोळी पुरते. ही गोळी ५०० मिलिग्रॅमची असेल तर एकदाच, १०० मिलिग्रॅमची असेल तर सहा-सात रात्री वापरतात. दोन्ही मार्गांचा गुण सारखाच. योनिमार्गातली गोळी रात्री झोपताना आडवे होऊन ठेवावी. सकाळी कपड्यावर पांढरा चुरा दिसतो तो औषधाचा असतो, आजार वाढल्याचा नव्हे. पाळी एक-दोन दिवसांवर असेल तर ती संपल्यावर सुरू करावी. योनिमार्गात वापरायच्या मलमांतील तेलकट घटकांमुळे कंडोम कमकुवत होऊन फाटू शकतो, ही गोष्ट पाकिटाच्या आतल्या चिठ्ठीत बारीक अक्षरांत असते आणि कोणी वाचत नाही.

सूज आणि भेगा जास्त असतील तर एका गोळीने भागत नाही. ७२ तासांच्या अंतराने दुसरी द्यावी लागते, किंवा आतील औषध सात ते चौदा दिवस चालवावे लागते. वर्षात तीन किंवा अधिक वेळा त्रास झाला तर त्याला वारंवार होणारा संसर्ग म्हणतात. तुमच्या पाचही वेळा बुरशीच होती असे निघाले तर तुम्ही या गटात मोडता. यात आधी पहिल्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी अशा तीन गोळ्या देऊन बुरशी पुरती दाबतात आणि नंतर आठवड्यातून एक याप्रमाणे सहा महिने गोळी चालू ठेवतात. दरवेळी एकच गोळी घेणे म्हणजे आग अर्धवट विझवून राखेखाली निखारे ठेवण्यासारखे आहे.

या सहा महिन्यांच्या उपचाराकडून काय अपेक्षा ठेवावी हेही सांगतो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत सहा महिने गोळी घेणाऱ्या स्त्रियांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जणी त्या काळात त्रासमुक्त राहिल्या, तर निव्वळ दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे ३६ टक्के होते. मात्र गोळी थांबवून आणखी सहा महिने झाल्यावर औषध घेतलेल्या गटात त्रासमुक्त उरलेल्या होत्या सुमारे ४३ टक्के. म्हणजे उपचार चालू असेतो फार चांगला, नंतर मात्र निम्म्याहून अधिक जणींना पुन्हा तोंड द्यावे लागू शकते. तसे झाले तर तो तुमचा दोष नव्हे. उपचार पुन्हा देता येतो.

फ्लुकोनाझोल ही निरुपद्रवी गोळी आहे असे मात्र समजू नये. ग्लिमेपिराइडसारख्या मधुमेहाच्या गोळीसोबत घेतल्यास साखर एकदम खाली येऊ शकते, रक्त पातळ करणाऱ्या वॉर्फरिनचा परिणाम वाढतो, कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांचाही. चालू असलेली सर्व औषधे डॉक्टरांना दाखवावीत. दिवस राहिले असतील किंवा राहण्याची शक्यता असेल तर ही गोळी टाळतात. गरोदरपणात क्लोट्रिमाझोल सात दिवस आतून वापरणे हाच मार्ग आहे, आणि तेही शक्यतो बोटाने, अप्लिकेटर जोराने आत न ढकलता.

ग्लॅब्रॅटासारखी दुसरी जात निघाली तर फ्लुकोनाझोल बऱ्याचदा कमी पडते, आणि क्रुसेई या जातीवर तर ते मुळातच चालत नाही. तिथे बोरिक आम्लाची ६०० मिलिग्रॅमची कॅप्सूल तीन आठवडे रोज रात्री योनिमार्गात ठेवतात. बोरिक पावडर म्हणजे कॅरम बोर्डावर टाकतात तीच ना, असे एका बाईंनी मला विचारले होते. पदार्थ तोच, पण डब्यातली पावडर घरी कॅप्सूलमध्ये भरण्याचा उद्योग कोणी करू नये. औषधी शुद्धतेची कॅप्सूल तयार करून घ्यावी लागते, ती पोटात गेली तर विषारी ठरते आणि गरोदरपणात वर्ज्य आहे. घरात लहान मूल असेल तर ती कुलपात ठेवावी.

वारंवार बुरशी होणाऱ्या प्रत्येक स्त्रीची साखर मी तपासतो, उपाशीपोटीची आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी) दोन्ही. मधुमेहाचे पहिले निदान अशा खाजेतून झाल्याची उदाहरणे प्रत्येक स्त्रीरोगतज्ज्ञाकडे असतात. अलीकडे यात एक भर पडली आहे. डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची औषधे साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, आणि लघवीतली ती साखर बाहेरच्या त्वचेवर बुरशीला खाद्य पुरवते. २०२० मध्ये पेटंट संपल्यावर डापाग्लिफ्लोझिन आपल्याकडे स्वस्त झाले आणि पुष्कळ जणींना सुरू झाले. हृदय आणि मूत्रपिंड यांना त्याचा मोठा फायदा आहे, म्हणून ते मनाने बंद करू नये. लघवीनंतर साध्या पाण्याने धुऊन टिपून घ्यावे आणि त्रास होत असल्याचे मधुमेहाच्या डॉक्टरांना सांगावे. साखरेच्या तपासणीसोबत एचआयव्हीची चाचणी सुचवली गेली तर अपमान वाटून घेऊ नये. रोगप्रतिकारशक्तीचा अंदाज घेणे एवढाच तिचा हेतू असतो.

नवऱ्याला औषध द्यायचे का? बुरशी हा लैंगिक आजार मानला जात नाही आणि त्याला लक्षणे नसताना औषध दिल्याने तुमचा त्रास परतायचा थांबत नाही. त्याला खाज, लाली किंवा पुरळ असेल तर त्याची तपासणी करून त्याच्यापुरते मलम द्यावे. काचेवर ट्रायकोमोनास निघाला तर मात्र दोघांनीही एकाच वेळी मेट्रोनिडाझोल घेतलेच पाहिजे. बघा, निदान न करता ‘नवऱ्यालाही दे’ हा सल्ला एका घरी फुकटचा संशय पेरतो आणि दुसऱ्या घरी आवश्यक असूनही दिला जात नाही.

घरगुती उपायांपैकी लसूण आत ठेवणे, तुरटीच्या किंवा जंतुनाशकाच्या पाण्याने आतून धुणे हे बंद करावे. सुजलेल्या अस्तरावर त्याने भाजल्यासारखे होते. कपड्यांचे म्हणाल तर पावसाळ्यात आपल्याकडे अंतर्वस्त्रे टॉवेलच्या किंवा साडीच्या खाली लपवून वाळत घालतात आणि ती अर्धवट ओली असतानाच अंगावर चढतात. सुती आणि कोरडा कपडा घालून संसर्ग हमखास टळतो असा पुरावा नाही, पण जांघेतला गजकर्ण आणि त्वचेची चिडचिड त्याने नक्की कमी होते, म्हणून ऊन नसेल तेव्हा इस्त्री फिरवायला मी सांगतो.

तुमच्यापुरते सांगायचे तर पुढच्या वेळी खाज सुरू झाली की गोळी घेण्याआधी तपासणीला जा. दोन दिवस आधीपासून आत कोणतेही औषध ठेवू नका, संबंध टाळा, त्या सकाळी आतून धुऊ नका आणि पाळीचे दिवस नसतील असे पाहा. आतापर्यंत घेतलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिप्स आणि मलमांच्या ट्यूब एका पिशवीत घालून सोबत न्या. नावे आठवून सांगण्यापेक्षा त्या टेबलावर ओतलेल्या बऱ्या. खाज कोणत्या तारखेला सुरू झाली आणि पाळी कोणत्या तारखेला आली हे कॅलेंडरवर लिहून ठेवले असेल तर तेही घेऊन जा.